शब्दांची चैन : वील, वेल्थ आणि वळ

परवा इन्क्रिमेंटची लेटर्स हातात पडली आणि ऑफिसात दोनच विषय उरले... आकडा आणि टॅक्स! अशा वेळी आठवावा असा एक जुना इंग्रजी शब्द आहे, 'वील'. डब्ल्यू-ई-ए-एल. (गाडीचं व्हील नव्हे हं!) मूळ जुन्या इंग्रजीतलं 'वेला'. अर्थ सुख, भरभराट, कल्याण. चांगलं म्हणजे 'वेल', त्याच घराण्यातला हा शब्द. पुढे 'हेल्थ'च्या चालीवर त्याला 'थ' जोडला गेला आणि झालं 'वेल्थ'! म्हणजे वेल्थ हा नुसता बँक बॅलन्स कधीच नव्हता. १६११ सालच्या इंग्रजी बायबलमध्ये दुसऱ्याचं 'वेल्थ' बघा, असा उपदेश आहे. तिथे अर्थ पैसा नाही, भलं. 'कॉमनवेल्थ' म्हणजेही मुळात सगळ्यांचं भलं. नंतर शब्दात पैसा उरला, सुख गळालं.

खरी गंमत पुढेच. याच स्पेलिंगचा आणखी एक 'वील' आहे, वेगळ्या मुळातून आलेला. त्याचा अर्थ, चाबकाचा वळ! तेव्हा लेटरमधला आकडा जरूर बघा, पण घरी वेळेवर जेवायला शेवटचे कधी पोहोचलात, तेही आठवा. आपल्या वाट्याला कुठला वील आलाय, ते लगेच कळेल!