ऑफिसच तर आहे, असं म्हणू नका



पावसाळा संपल्यापासून आपल्या डोंगरपट्टीत पांढऱ्या गाड्या दोनदा येऊन गेल्या. मोजणी केली नाही, फोटो काढले, तलाठ्याशी बोलले. पाड्यावर सांगून गेले की इथे कारखाना नाही, धूर नाही, नुसतं ऑफिस होणार. कंपनीचं मोठं ऑफिस, शेजारी ट्रेनिंगची जागा, पोरांना नोकऱ्या. आता आपलीच माणसं चहाच्या टपरीवर बोलायला लागली, "ऑफिसच तर आहे!" म्हणून आम्हाला हे लिहावं लागतंय.

एका कंपनीची गोष्ट सांगतो. अमेरिकेतली आहे, पण मुलुख आदिवासींचाच.

कंपनीचं नाव हॅलिबर्टन. तेलाच्या धंद्यातली म्हणतात, पण तेलाच्या विहिरी तिच्या नाहीत. आपल्याकडे बोअरची गाडी येते ना, तसं समजा. जमीन दुसऱ्याची, पाणी दुसऱ्याचं, गाडी आणि माणसं भाड्याची. ही कंपनी तेलवाल्यांना तशीच गाड्या, पंप आणि माणसं पुरवते. 1919 साली ओक्लाहोमा राज्यात डंकन या गावी सुरू झाली. जमिनीच्या पोटात जोराने पाणी आणि वाळू घुसवून खडक फोडायचा आणि तेल काढायचं, हा धंदा तिनेच 1949 साली डंकनजवळ सुरू केला. ओक्लाहोमा राज्य 1907 साली झालं. त्याच्या आधी त्यातल्या बऱ्याच भागाला इंडियन टेरिटरी म्हणत. सरकारने आदिवासींना ठिकठिकाणांहून हुसकून तिथे आणून कोंबलं होतं. वर सांगितलं होतं की आता हा मुलुख कायमचा तुमचा.

याच राज्यात एल रीनो गाव आहे. तिथे कंपनीचं मोठं आवार होतं : ऑफिसं, वर्कशॉप, गाड्यांचा तळ. तेलाला भाव होता तोवर सगळं जोरात. 2014 च्या जूनमध्ये तेलाचं पिंप 110 डॉलरच्या वर होतं, 2016 च्या सुरुवातीला 30 च्या खाली गेलं. पुढे भाव थोडा सावरला, पण तेलवाल्यांनी नव्या विहिरी कमी केल्या. विहीर नाही तर भाड्याच्या गाडीला काम नाही. 2019 च्या डिसेंबरात कंपनीने एल रीनोचं आवार बंद केलं. 800 च्या वर माणसं एका फटक्यात घरी. आवाराचं पुढे काय, गोदाम होणार की दुसरी कंपनी येणार, ते बाजार ठरवणार. गावाने ठरवायचं काही उरत नाही.

यात कंपनीने काही बेकायदा केलं असं आम्ही म्हणत नाही. धंदाच तसा आहे. भाव पडला की उठायचं. वीटभट्टीचा मुकादम पावसाळ्याआधी उठतो तसंच, फक्त इमारत काचेची. पण वीटभट्टीवाला आपली जमीन कायमची लिहून मागत नाही.

आता एल रीनोच्या पश्चिमेला चला, काही मैलांवर. तिथे फोर्ट रीनो नावाची जागा आहे, साडेनऊ हजार एकरांच्या आसपास. हा चेयेन आणि अरापाहो या आदिवासींचा राखीव मुलुख. 1883 साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाने एक हुकूम काढून ही जमीन लष्करासाठी बाजूला काढली. पुढे 1892 साली बाकीचा मुलुखही फोडला. आदिवासींना माणशी 160 एकर तुकडे दिले आणि उरलेलं बाहेरच्यांना खुलं केलं. (सामूहिक हक्क सोडा, एकेकट्याचा सातबारा घ्या, असं आपल्याला कोण कोण सांगतं ते आठवा.) लष्कराचं काम 1948 साली संपलं. मग जमीन परत दिली? नाही. ती शेतीखात्याकडे गेली. तिथे गुरांच्या चाऱ्यावर संशोधन चालतं. चेयेन आणि अरापाहो लोक इतकी वर्षं मागतायत, की ज्या कामासाठी घेतली ते संपलं, आता आमची आम्हाला द्या. सरकार म्हणतं, जुन्या दाव्यांचे पैसे दिले, विषय संपला.

आपल्याकडे काय आहे? 2013 च्या भूसंपादन कायद्याचं कलम 101 सांगतं की घेतलेली जमीन ताबा घेतल्यापासून पाच वर्षं न वापरता पडली तर मूळ मालकाला किंवा त्याच्या वारसांना परत, किंवा सरकारच्या लँड बँकेत. शेवटचं "किंवा" नीट वाचा. बस्तरमध्ये लोहंडीगुड्याला टाटाच्या पोलाद कारखान्यासाठी 10 गावांची जमीन घेतली होती. कारखाना झालाच नाही, कंपनी 2016 ला निघून गेली, तरी जमीन आधी लँड बँकेतच टाकली होती. लोक लढले, सरकार बदललं, तेव्हा 2019 ला 1700 च्या वर शेतकऱ्यांना कागद परत मिळाले. लोकांनी रेटलं म्हणून ते "किंवा" मागे पडलं.

आणि दुसरं भोक याहून मोठं. कलम "न वापरलेल्या" जमिनीचं आहे. ऑफिस बांधलं, चार वर्षं चालवलं, मग कुलूप लावलं, तर जमीन वापरली असं होतं. म्हणजे एल रीनोसारखं झालं तर या कलमावर बोट ठेवायला आपल्याला जागा नाही.

नोकऱ्यांसाठी आमची पोरंही तरसतात, आम्ही स्वतः बारावी करून बसलोय. नोकरी नको असं आम्ही म्हणणार नाही. पण नोकरी चार वर्षांची आणि जमीन कायमची, हा सौदा आम्हाला मान्य नाही. अनुसूचित क्षेत्रात जमीन घ्यायला ग्रामसभेची संमती आधी लागते, हे त्याच कायद्यात आहे. म्हणून संमतीची गोष्ट निघाली तर ठरावात आधी हे लिहून घ्या : जमीन विकत नाही, मुदतीच्या भाड्याने. काम बंद पडलं, कंपनी विकली गेली किंवा वापर बदलला, तर जमीन गावाकडे, लँड बँकेत नाही. पाडून नेण्याचा खर्च कंपनीचा. हे मान्य नसेल तर ठरावात "नाही" लिहा आणि सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्या, बायांचे पण.

कलम 101 चा मराठी कागद संघटनेच्या ऑफिसात आहे. प्रत्येक पाड्यातून एकाने येऊन न्या. ग्रामसभेची नोटीस लागली की त्याच रात्री निरोप द्या, दुसऱ्या दिवशी नको.