गोष्ट चिमुकली, सोबत मोठी

मैत्रिणींनो, ‘अलक’ हा शब्द आता आपल्याला नवा राहिलेला नाही. अलक म्हणजे अति लघु कथा. चार-पाच ओळींत सुरू होते आणि तिथंच संपते. कुणी बरोबर १०० शब्द मोजून ‘शतशब्दकथा’ लिहितं. मोबाइलवर दिवसाकाठी एखादी तरी येऊन पडतेच. आपण वाचतो, हसतो, कधी डोळे पुसतो आणि पुढे पाठवतो. मग हळूच मनात येतं, अगंबाई, हे तर मलाही लिहिता येईल!

येईलच. पण लिहायचं ते एकटीनं की चौघींत, हा खरा प्रश्न आहे. कारण ही इवलीशी गोष्ट एकटीच्या वहीत फार वाढत नाही. तिला सोबत लागते आणि थोडी चुरसही लागते.

चुरस म्हटलं की आपण जरा बिचकतो. आणि का बिचकू नये? कुणाच्या मुलाला किती टक्के पडले, कुणाचं घर किती खोल्यांचं, कुणाची सून जास्त कामाची, या शर्यतींत आपण कधी नाव दिलेलं नसतं. तरी जन्मभर पळावं लागतं. तिथं एक पुढे गेली की दुसरी आपोआप मागे पडते.

पण आपल्याकडे एक वेगळी चुरसही आहे. हळदीकुंकवाला किंवा मंगळागौरीला उखाणे सुरू झाले की बघा. एकीनं झकास उखाणा घेतला की दुसरी पदर सावरून त्याहून सरस घ्यायला पुढे होते. हरतं कुणीच नाही, सगळ्याच हसतात. दोन ओळींत नाव, यमक आणि थोडी थट्टा बसवायची म्हणजे काही सोपं काम नाही हं! जात्यावर समोरासमोर बसलेल्या दोघींचंही तसंच असायचं. एकीनं ओवी उचलायची, दुसरीनं पुढे न्यायची. कमी शब्दांत पुष्कळ सांगायचं आणि तेही एकमेकींच्या साथीनं, हे आपल्या आज्या-पणज्यांनी करून ठेवलेलं आहे. अलक त्याच अंगणातली आहे, असं मला वाटतं.

आपल्या छत्रपती संभाजीनगरचं तर या छोट्या गोष्टीशी जुनं नातं आहे. किती जणींना ठाऊक असेल? उर्दूतले मोठे कथाकार जोगिंदर पाल हे तेव्हाच्या औरंगाबादेत सरस्वती भुवन महाविद्यालयाचे प्राचार्य होते. सियालकोटला १९२५ मध्ये जन्म, फाळणीनं घर सुटलं, मग केनियात शिकवलं आणि तिथून परतल्यावर हे गृहस्थ मराठवाड्यात आले. सुमारे चौदा वर्षं इथं राहून १९७८ मध्ये दिल्लीला गेले. उर्दूत अतिशय छोट्या गोष्टीला ‘अफसांचा’ म्हणतात. अफसाना म्हणजे कथा, अफसांचा म्हणजे तिचं लेकरू. हा शब्द रुजवण्याचं श्रेय पाल यांना दिलं जातं. ‘सिलवटें’ आणि ‘कथानगर’ हे त्यांचे अशा गोष्टींचे संग्रह. त्याच काळात याच गावात काझी सलीम आणि बशर नवाज यांच्यासारखे शायर लिहीत होते. पुढे इथल्याच अज़ीम राही यांनी अफसांचे लिहिले आणि उर्दूतल्या अफसांच्याच्या परंपरेवर अभ्यासाचा ग्रंथही लिहिला. आजूबाजूला लिहिणारी माणसं असली की गावाला लिहिण्याची सवय लागते, ती अशी.

त्याही आधी, १९४८ मध्ये, सआदत हसन मंटो यांचं ‘सियाह हाशिये’ आलं. फाळणीच्या दंगलींवरच्या चिमुकल्या गोष्टी, काही तर जेमतेम एक-दोन ओळींच्या. वाचल्यावर घास उतरत नाही. म्हणजे छोटी गोष्ट ही वेळ घालवायची करमणूक आहे, असं कुणी म्हणालं तर खुशाल मंटोंचं नाव सांगा. आपल्या मराठीतही वि. स. खांडेकरांनी छोट्या रूपककथा मन लावून लिहिल्या.

आता सोबतीचं एक उदाहरण. पंजाबीत ‘मिन्नी’ नावाचं त्रैमासिक छोट्या गोष्टींना वाहिलेलं आहे. त्याच्याशी जोडलेले लेखक रात्रीच्या बैठकी भरवतात. नाव किती गोड, ‘जुगनुआं दे अंग-संग’, म्हणजे काजव्यांच्या संगतीत! एकानं गोष्ट वाचायची आणि बाकीच्यांनी तिथल्या तिथं सांगायचं, काय जमलं, काय फसलं. मग दुसऱ्याची पाळी. टीका ऐकायची आणि त्याच माणसांबरोबर जेवायलाही बसायचं. मला तर यातच सगळं आलं असं वाटतं.

हेमिंग्वे या अमेरिकन लेखकानं मित्रांशी पैज लावून सहा शब्दांत गोष्ट लिहिली, अशी एक कहाणी सगळीकडे फिरते. तिला त्याच्या हयातीतला काही पुरावा नाही. पण ती इतकी फिरते, कारण मित्रांत पैज लागली की माणूस जास्त चांगलं लिहितो हे आपल्याला मनातून पटलेलं असतं.

आता आपल्याकडे बघू. आपल्या गटात कुणी गोष्ट वाचली की आपण काय करतो? ‘वा, छान, मस्त’ म्हणतो, अंगठा दाखवतो, मोकळ्या होतो. यात प्रेम असतं, पण उपयोग नसतो. समजा, एखादीनं लिहिलं, ‘मुलगा शिकायला पुण्याला गेला त्या दिवशीही आईनं रोजच्याएवढीच कणीक मळली. रात्री उरलेल्या तीन पोळ्या तिनं फडक्यात बांधून ठेवल्या. तिला त्याची फार आठवण येत होती.’ खरी मैत्रीण म्हणेल, ‘अगं, शेवटचं वाक्य काढ. पोळ्यांनीच सांगितलं की सगळं!’ लिहिणारीला क्षणभर टोचेल. पण गोष्ट उजळेल. आणि पुढच्या वेळी तीच या मैत्रिणीच्या गोष्टीतलं जास्तीचं वाक्य पकडेल. हीच ती चुरस. यात पहिला-दुसरा नंबर नाही की स्टीलचा डबा बक्षीस नाही. एकीची गोष्ट सुधारली म्हणून दुसरीची बिघडत नाही.

एक मात्र बजावून सांगते. पुढे पाठवताना लिहिणारीचं नाव कापू नका. दहा हातांतून फिरता फिरता गोष्ट राहते आणि नाव गळून पडतं, कधी दुसऱ्याचंच चिकटतं. आपल्या ओव्या रचणाऱ्या बायकांची नावं कुठं राहिली? त्यांना लिहिता येत नव्हतं. आपल्याला येतं. मग आपणच आपली नावं का पुसायची? मैत्रिणीच्या गोष्टीखाली तिचं नाव ठेवणं हा सोबतीचा पहिला नियम असू द्या.

बाकी फार तयारी लागत नाही. भिशीच्या किंवा बचत गटाच्या बैठकीनंतर अर्धा तास काढा. विषय एकच ठेवा, ‘किल्ली’, ‘शेवटची बस’, ‘उसनी साखर’, काहीही. चिठ्ठ्यांवर नाव न घालता गोष्टी लिहा, एका डब्यात टाका आणि दुसरीची गोष्ट तिसरीनं वाचून दाखवा. प्रत्येकीनं आवडलेलं एक आणि खटकलेलं एक सांगायचंच, नुसतं ‘छान’ चालणार नाही. बोलणं संपलं की नावं उघड करा. धाकटी सून आणि थोरल्या जाऊबाई एकाच डब्यातून वाचल्या गेल्या तर मानपानही आपोआप बाजूला राहतो.

पैठण असो, वैजापूर असो की जालना, गोष्टी आपल्याकडे रग्गड आहेत. त्या सांगायला मोठी कादंबरीच लागते असं नाही. एक चतकोर कागद आणि खरं बोलणाऱ्या दोन मैत्रिणी एवढ्यावर सुरुवात होते. येत्या बैठकीलाच करून बघा.