औटकीतले सात

माझी नात नऊ वर्षांची आहे, आणि गणिताच्या तिच्या भुकेस पुरेल अशी सामग्री जमविणे हे गेल्या वर्षभरात माझ्या निवृत्त आयुष्याचे मुख्य काम होऊन बसले आहे. प्रथम जी तजवीज केली ती चारचौघे करतात तीच : तिचे नाव एका शिकवणीवर्गात घातले, परंतु सहावीचे गणित चौथीत उरकणे यासच तेथे प्रगती समजत असल्याने, व ‘हे असे का होते?’ या तिच्या पृच्छेस उत्तर देण्याची सवड कोणासच नसल्याने, दोन महिन्यांत तिने विचारणेच सोडले. ते पाहून मी धास्तावलो आणि तिला तेथून काढले.

त्याच सुमारास एका सायंकाळी, वडिलांनी दिवेलागणीस माझ्याकडून घोकून घेतलेली औटकी मी तिला सहज म्हणून दाखविली. औट म्हणजे साडेतीन; पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी या अपूर्णांकांच्या पाढ्यांतील ते एक भावंड. एक औट साडेतीन, बे औट सात, त्रिक औट साडेदहा, चोक औट चौदा, इतके होते न होते तोच ती ओरडली, “आजोबा, यात सातचा पाढा लपलाय! एक सोडून एक!” जी औटकी साठ वर्षे माझ्या जिभेवर होती, तिच्यातील हे सात मला कधी दिसले नव्हते.

पुस्तके आहेत, आणि उत्तम आहेत. मंगला नारळीकरांचे ‘गणितगप्पा’ आम्ही मिळून वाचले. भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या ‘लीलावती’तील भुंग्यांचा थवा आणि मोर व साप यांची उदाहरणे मी तिला गोष्टीसारखी सांगितली. ऑलिंपियाड वगैरे बाबी यथाकाल येतील. तूर्त त्यांची घाई नाही. माझी पक्की खात्री अशी झाली आहे की, अशा मुलास पुढच्या इयत्तेपेक्षा शेजारी मांडी घालून बसणाऱ्या मनुष्याची गरज अधिक असते, मग त्या मनुष्यास गणित बेताचेच येत असले तरी चालते.

म्हणून मी तिला देवळालीच्या द. रा. कापरेकरांची ओळख करून दिली. १९०५ साली डहाणूस जन्मलेल्या आणि शाळेत शिकविता शिकविता संख्यांचा ध्यास घेतलेल्या या गृहस्थाविषयी मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली अमेरिकेतील एका विख्यात मासिकात आवर्जून लिहिले. कापरेकरांची कृती अशी : चार अंकी संख्या घ्यावी, मात्र तिचे चारही अंक सारखे नसावेत. ते अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी, आणि येईल त्या उत्तरावर पुनः तेच करावे. ३५२४ पासून निघालो तर ३०८७, मग ८३५२, आणि मग ६१७४, जेथून पुढे हलताच येत नाही. कोठूनही निघा, फार तर सात पायऱ्यांत तेथेच पोहोचता.

तीन अंकांचा मुक्काम ४९५ येथे पडतो, हे तिने दुसऱ्या दिवशी स्वतःच शोधून काढले. दोन अंक मात्र कोठेच थांबेनात : २७, ४५, ०९, ८१, ६३, आणि पुनः २७. “हे गोल फिरतायत,” असे म्हणून तिने दिनदर्शिकेच्या मागील कोऱ्या पानावर वर्तुळ काढले, आणि आता पाच अंकांसाठी तिला त्याहून मोठा कागद हवा आहे.