रस्त्यालाही वाफसा असतो : मोठी फोर-बाय-फोर की छोटी ऑल-व्हील?



सोयाबीन विकून झालं की दरवर्षी दोघा-तिघांचे फोन येतात. प्रश्न एकच. "दादा, शेतात जायला कोणती गाडी घ्यावी? मोठी फोर-बाय-फोर घेतली की पावसाळ्याची कटकटच मिटली ना?" फोनवर दोन मिनिटांत याचं उत्तर होत नाही, म्हणून लिहून टाकतोय. जरा लांबलंय, सवडीनं वाचा.

माझं मत आधीच सांगतो. काळ्या जमिनीत, आपल्यासारख्या पाच-दहा एकरवाल्याला, चारही चाकांना ताकद देणारी हलकी गाडी, बरे टायर आणि उरलेल्या पैशात पाणंदीवर मुरूम, हा सौदा मोठ्या गाडीपेक्षा चांगला. मोठ्या गाडीची कामं वेगळी आहेत, तीही सांगतो. पण "मोठी आहे म्हणजे कुठंही जाईल" ही समजूत खोटी आहे. मी ती पैसे मोजून शिकलोय. आणि पैशापेक्षा जास्त मोजून.

झालं असं. काही वर्षांपूर्वी मी जुनी, पण दणकट, दोन टनांच्या वरची डिझेल फोर-बाय-फोर घेतली. सप्टेंबरची झड सुरू होती. सोयाबीनच्या शेंगा भरल्यात का ते बघायचं होतं. चालत गेलो असतो तर वीस मिनिटं लागली असती. पण नवी गाडी दारात, आणि ती चिखलात कशी चालते हे चार जणांना दाखवायची हौस. लो गिअर टाकला, पाणंदीतून घातली आणि गेली की! गुर्र करत गेली, परतही आली. दोन्ही वेळा चाकं वीतभर खाली गेली होती, पण गाडी थांबली नाही म्हणून मी खूश.

तिसऱ्या दिवशी पहाटे वस्तीवरून फोन आला. काकू गोठ्यात घसरून पडली, मांडीचं हाड मोडलं. रुग्णवाहिका आली ती डांबरी रस्त्यापर्यंत. पुढं माझ्या गाडीच्या दोन चाकोऱ्या, काठोकाठ पाण्यानं भरलेल्या. ड्रायव्हर म्हणाला, "यात घातली तर मीच अडकेन." तो बरोबरच बोलत होता. माझी मोठी गाडी आणायला गेलो, तर तीही मधल्या वरंब्यावर पोटानं टेकली आणि चाकं नुसती फिरायला लागली. शेवटी काकूला बाजेवर घालून सहा जणांनी सव्वा किलोमीटर उचलून नेलं. प्रत्येक पाऊल घसरलं की ती कण्हायची. तो आवाज अजून कानात आहे.

काकू आज काठी घेऊन चालते. मला कधी एक शब्द बोलली नाही. पण त्या आधीच्या आठवड्यात त्याच पाणंदीतून दुधाच्या किटल्या घेऊन मोटारसायकल जात होती, हे मला माहीत होतं. वाट पावसानं नाही, मी मोडली होती.

आता मुद्द्याचं बोलू.

आपली माती काय करते

काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट जातीची चिकणमाती असते. पाणी प्याली की फुगते, सुकली की भेगाळते. कोरडी असताना दगड, ओली झाली की लोणी. टायरच्या खाचांत ही माती एकदा भरली की टायर मडक्यासारखं गुळगुळीत होतं. मग ताकद दोन चाकांना असो की चार, गुळगुळीत चाक गुळगुळीतच फिरणार. रस्त्यासाठी बनवलेले टायर घातलेली महागडी गाडी आपल्या पाणंदीत बैलगाडीपुढं हात टेकते ते याच्यामुळं.

कोकणात, मावळात गोष्ट वेगळी. तिथं दगड, चढ, जांभा. तिथं गाडीचं पोट उंच पाहिजे, लो गिअर पाहिजे, आणि खाली दगड असल्यानं वजनाचा तेवढा त्रास नाही. म्हणून तिकडचे व्हिडिओ बघून इकडं गाडी घेऊ नका.

वजनाचा हिशोब

बरेच जण म्हणतात, मोठ्या गाडीचं टायर रुंद, म्हणून ती कमी रुतते. हिशोब करून बघू.

टायर जमिनीवर जेवढा दाब देतो तो ढोबळमानानं त्याच्या आतल्या हवेएवढाच असतो. 30 पीएसआय हवा म्हणजे एका चौरस सेंटिमीटरला साधारण 2.1 किलो. बाराशे किलोची गाडी धरा, जिम्नी साधारण तेवढी भरते. एका चाकावर 300 किलो, म्हणजे टायरचा ठसा सुमारे 140 चौरस सेंटिमीटर. आता फॉर्च्युनरसारखी दोन टनांच्या वरची गाडी घ्या, 2,200 किलो धरू. एका चाकावर 550 किलो, ठसा सुमारे 260. म्हणजे रुंद टायरनं दाब कमी केलाच नाही, फक्त जास्तीचं वजन पेललं. दाब दोघींचा सारखा, ओझं मात्र जवळपास दुप्पट. तेवढा जास्त चिखल बाजूला सारत जायचं, आणि रुतली की तेवढंच जास्त ओझं ओढून काढायचं.

हलकी गाडी रुतली तर चार माणसं, एक पहार आणि दोन फळ्यांत निघते. दोन टनांची रुतली तर ट्रॅक्टर लावून टोचन करावं लागतं. आणि ट्रॅक्टर आला की पाणंदीचं उरलंसुरलं वाटोळं होतं.

याच हिशोबातून एक फुकटचा उपायही निघतो. पाणंदीत शिरण्याआधी हवा 30 वरून 18 पीएसआयवर आणा. दाब 2.1 वरून 1.3 किलोच्या आत येतो, हलक्या गाडीचा ठसा 140 वरून 235 च्या आसपास जातो. कुठलाही नवा पार्ट न घालता. फक्त या हवेवर हळू चालवायचं, आणि डांबरीवर यायच्या आधी हवा परत भरायची. गाडीच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप जवळ ठेवला की झालं.

यंत्राचा फरक

जुन्या पद्धतीच्या फोर-बाय-फोरमध्ये, म्हणजे जिप्सी, जिम्नी, थार, लिव्हर टाकला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधले जातात. लो गिअरमध्ये ताकद दोन-अडीच पट होते आणि गाडी मुंगीसारखी सरकते. हे अस्सल काम. पण कोरड्या डांबरीवर हा लिव्हर टाकून चालवू नका. वळताना पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर चालतात, ताण गिअरवर येतो.

छोट्या ऑल-व्हीलमध्ये, डस्टरची जुनी ऑल-व्हील किंवा ग्रँड व्हिटारा ऑलग्रिप घ्या, गाडी एरवी पुढच्या चाकांवर चालते. पुढचं चाक घसरलं की मधला क्लच मागच्या चाकांना ताकद देतो. लॉकचं बटण दाबलं तर आधीपासूनच देतो. लो गिअर नाही. चिखलात पाच-दहा मिनिटं चाकं फिरवत बसलात तर तो क्लच तापतो आणि स्वतःला वाचवायला मागची ताकद सोडून देतो. म्हणजे ही गाडी हट्ट करू देत नाही.

आणि मला वाटतं, हाच तिचा मोठा गुण आहे! मोठी गाडी तुम्हाला चिखलात आणखी तीनशे मीटर आत नेते आणि मग रुतते. छोटी गाडी तोंडाशीच सांगते, "मालक, आज नको." जिथून चालत परत येता येतं तिथं अडकणं परवडतं.

पोटाची उंची म्हणाल तर जिम्नी 210 मिलिमीटर, डस्टर ऑल-व्हील तेवढीच, थार 226. फरक दीड सेंटिमीटरचा. चाकोरी वीतभर खोल झाल्यावर दीड सेंटिमीटर कुणाला वाचवतंय?

जिथं मोठी गाडीच पाहिजे

प्रामाणिकपणे सांगायचं तर अशी कामं आहेत. रोज सात-आठ मजूर न्यायचे असतील. 50 किलोच्या डीएपीच्या दहा गोण्या, वर फवारणीचा पंप, म्हणजे सहाशे किलो एका खेपेला न्यायचं असेल. मागं जड ट्रेलर ओढायचा असेल. घाटातला दगडी चढ रोजचा असेल. तिथं छोट्या गाडीवर अन्याय करू नका, ती पाट्या-स्प्रिंगसकट बसेल.

पाण्याचंही सांगतो, कारण इथं हलकी गाडी खरंच मागं पडते. वाहतं पाणी फूटभर असलं तरी छोटी गाडी उचलली जाऊ शकते. पण मोठीवाल्यांनीही छाती फुगवू नये. दोन फूट वाहतं पाणी मोठी गाडीसुद्धा ओढून नेतं. फरशी पुलावरून पाणी जात असेल तर गाडी कोणती हा प्रश्नच नाही. अलीकडं थांबायचं. दरवर्षी पेपरात त्याच बातम्या येतात आणि दरवर्षी आपण म्हणतो, "त्याचा अंदाज चुकला."

शेतात गाडी घालण्याबद्दल

हे खास करून कृषी पदवीधर मंडळींसाठी, कारण तुमच्याही गाड्या बांधाच्या आत बघितल्यात. वरच्या थराची माती दाबली जाते ती टायरच्या दाबानं. खालचा थर घट्ट होतो तो एका आखावर येणाऱ्या एकूण वजनानं. गाडीचं वजन भरलेल्या ट्रॉलीपुढं किंवा हार्वेस्टरपुढं काहीच नाही, म्हणून खालच्या थराचं पाप गाडीवर घालणार नाही. पण ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात हवा 12 ते 16 पीएसआय असते आणि गाडीच्या टायरात तिच्या दुप्पट. म्हणून ओल्या रानात गाडीचं चाक वरच्या थरात ट्रॅक्टरपेक्षाही वाईट घट्ट पट्टा पाडतं. रुंद वरंबा सरीवर पेरलं असेल आणि धुऱ्यावर सरीचं तोंड चाकानं दाबलं गेलं, तर पाणी तुंबतं आणि तेवढं सोयाबीन पिवळं पडतं. मग आपण खताची कमतरता शोधत बसतो.

माझा नियम

पेरणीला आपण वाफसा बघतो. ओलं असताना तिफण घालत नाही, कितीही घाई असली तरी. मग गाडी घालताना तीच अक्कल कुठं जाते? रस्त्यालाही वाफसा असतो. पाणंदीतली मूठभर माती उचला, लाडू वळा, कमरेएवढ्या उंचीवरून टाका. फुटला तर जा. चपटा होऊन बसला तर चाला. मोठी गाडी असो की छोटी, ही परीक्षा दोघींना सारखीच.

मी मोठी गाडी विकली. जुनी, छोटी ऑल-व्हील घेतली आणि उरलेल्या पैशातून पाणंदीच्या दोन सगळ्यात वाईट तुकड्यांवर दगड, वर मुरूम टाकला. कडेनं नाली काढली. नाली महत्त्वाची, पाणी थांबलं तर मुरूमही गिळला जातो. शेजारच्या तिघांनी ट्रॅक्टर दिला, डिझेल माझं. आता पाऊस उघडल्यावर दुसऱ्या दिवशी मोटारसायकल जाते. छोटी गाडी तर जातेच, आणि वेळ पडली तर रुग्णवाहिकाही जाईल. हे कुठल्याही फोर-बाय-फोरला जमणारं नव्हतं, कारण ती फक्त तिच्या मालकाला नेते. रस्ता सगळ्यांना नेतो.

बाकीच्या तुकड्यांसाठी शेत-पाणंद रस्त्यांची सरकारी योजना आहे. ग्रामसभेत विषय लावून धरा. मोठ्या गाडीच्या हप्त्याएवढी चिकाटी तिथं लावली तरी पुरे.

तुमची मोठी गाडी असेल तर विका असं म्हणत नाही. झड लागली असताना पाणंदीत घालू नका, एवढंच. तुम्ही निघून जाल, चाकोरी मागं राहते, आणि ती रात्री कुणाच्या वाट्याला येईल ते सांगता येत नाही.

तुमच्या शिवारात काय चालतं, कोणते टायर, किती हवा, कोणती माती, खाली लिहा. माझं कुठं चुकत असेल तर तेही लिहा. चिखलात सगळेच शिकतात.

राम राम.