दान आणि दाम

उपवासकाळात आपल्या धर्मग्रामातील कुटुंबे गरिबांसाठी पेटीत पैसे टाकतात, आणि त्याच आठवड्यात शिवणकाम करणाऱ्या बाईशी वीस रुपयांसाठी हुज्जत घालतात. ह्यात काही विसंगती आहे असे आपल्याला वाटतही नाही. दान धर्मात मोडते आणि घासाघीस बाजारात, अशी सोयीस्कर वाटणी आपण केव्हाच करून टाकली आहे.

ख्रिस्तसभेला ही वाटणी मान्य नाही. मजुराने कबूल केली एवढ्याने मजुरी न्याय्य ठरत नाही, हे पोप तेरावे लिओ ह्यांनी १८९१ साली 'रेरुम नोवारुम' ह्या परिपत्रकात बजावले. निकडीपोटी पत्करलेली मजुरी हा मजुरावर झालेला अन्यायच होय. 'परवडत नसते तर तिने काम घेतले असते का?' हा आपला आवडता युक्तिवाद तेथेच कोसळतो.

न्याय्य व्यापार हेच तत्त्व व्यवहारात आणतो. कारागिराशी बोलून ठरविलेला, त्याला जगवील असा मोबदला, मागणीबरोबर आगाऊ रक्कम, सुरक्षित जागा आणि बालमजुरीला मज्जाव, ही त्याची अंगे. त्यासाठी दूर जायला नको. स्पॅनिश धर्मभगिनी इसाबेल मार्टिन ह्यांनी १९८४ साली अंधेरी पूर्वेच्या झोपडपट्टीतील स्त्रियांना घेऊन 'क्रिएटिव्ह हँडिक्राफ्ट्स' उभी केली. कापडी खेळण्यांपासून सुरू झालेले हे काम पुढे तयार कपड्यांपर्यंत गेले. त्यांचा माल युरोपातील ग्राहक आवर्जून घेतात. अंधेरी-बोरिवलीच्या आपल्या घरांत मात्र त्याचे नावही क्वचितच ऐकू येते.

ते ग्राहक केवळ दयेपोटी खरेदी करीत नाहीत. स्वस्त कपड्याची उरलेली किंमत कोणीतरी दुसराच मोजतो, हे त्यांना कळले आहे. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळची राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसे दगावली. त्यांत बहुसंख्य पाश्चात्त्य बाजारांसाठी कपडे शिवणारे कामगार होते.

'महागाईत हे परवडणार कसे?' असे कोणी विचारील. रुपया-रुपया मोजणाऱ्या घराला हा प्रश्न विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. लग्नाच्या सभागृहावर लाखो उधळणाऱ्याला तो नाही. आणि धर्मग्रामाला तर मुळीच नाही. सणाचे टी-शर्ट, गायकवृंदाचे पोशाख, नाताळच्या भेटी आपण घाऊक मागवतो आणि सर्वांत कमी दराचे पत्रक डोळे मिटून मंजूर करतो. यापुढे धर्मग्राम समितीने सही करण्यापूर्वी पुरवठादाराला एवढेच विचारावे: शिवणाऱ्या बाईच्या हातात किती पडले? त्याला उत्तर देता येत नसेल, तर ते काम दुसऱ्याला द्यावे. तिच्या घामाचे पैसे कापून भरलेली दानपेटी वेदीपुढे नेण्याच्या योग्यतेची नाही.