ठेंगण्या मुलाची पारख

शाहूपुरींतील एका स्नेह्यांच्या घरून गेल्या महिन्यांत आम्हांस एका निराळ्याच तंट्यांत पंच म्हणून बोलावणें आलें. घर भरलेलें आहे. आजोबा, दोघे मुलगे, सुना, नातवंडें अशीं नऊ माणसें एका छपराखालीं नांदतात. तंट्याचा विषय धाकट्या चिरंजीवांचा मुलगा. वय सतरा, यंदा बारावीस, उंची पांच फूट सहा इंच, आणि नाद बास्केटबॉलचा. मुलगा त्यास नाद म्हणूं देत नाहीं. हाच आपला व्यवसाय करावयाचा, असें त्यानें घरांत जाहीर केलें आहे. आजोबांचें म्हणणें, उंच माणसांच्या खेळांत ठेंगण्यानें पोट भरण्याची आशा करूं नये. काकांचें म्हणणें, असा पोरगा जिल्ह्यांत दुसरा नाहीं. त्यांनीं लगेच मोबाइल पुढें करून चित्रफीत दाखविली. तींत आठ मिनिटें चेंडू नुसता जाळ्यांतून पडत होता. हुकलेले सगळे नेम कापून टाकलेल्या चित्रफितीवरून खेळाडू जोखणें म्हणजे फोटोवरून मुलीचा स्वभाव ठरविण्यासारखेंच होय, असें आम्हीं म्हटलें, आणि प्रत्यक्ष सामना पाहावयाचें ठरलें.

हा मुलगा ज्या जागीं खेळतो तीस गार्ड म्हणतात. ज्या घरांत हा खेळ परिचयाचा नाहीं त्यांच्याकरितां थोडा खुलासा करितों. दोन्ही बाजूंस पांच पांच गडी, आणि जाळ्याचें कडें जमिनीपासून दहा फूट उंच. साहजिकच कड्याखालचीं कामें उंचांकडे जातात. गार्डाचें काम वेगळें. आपल्या अर्ध्या भागांतून चेंडू ८ सेकंदांच्या आंत पलीकडे न्यावयाचा. आणि चेंडू हातीं आल्यापासून २४ सेकंदांत संघानें नेम टाकलाच पाहिजे, म्हणून तो कोणास व केव्हां द्यावयाचा हें क्षणोक्षणीं ठरवावयाचें. पंगतींतील चांगला वाढपी जसा आपल्या हातांतील पातेल्याकडे पाहत नाहीं, पानांकडे पाहतो, तशी गार्डाची नजर असावी लागते. ही नजर असली कीं चार इंचांची उणीव पुष्कळ भरून निघते. पुष्कळ म्हणतों, सगळी म्हणत नाहीं; कारण दोन मुलांची नजर सारखीच असेल तर निवडणारा उंच मुलाचें नांव लिहील, आणि त्यांत त्याचें चुकलें असें म्हणतां येणार नाहीं.

सामना शहरांतील एका शाळेच्या पटांगणावर झाला. पहिल्या दहा मिनिटांत मुलानें आमची निराशाच केली. उजव्या हातानें तो चेंडू लीलेनें खेळवी. पण समोरच्या संघांतील एका चाणाक्ष पोरानें हें ओळखून त्याची उजवी बाजू अडविली, तेव्हां डाव्या हातीं आलेला चेंडू यानें लागोपाठ तीनदां गमावला. तिसऱ्या वेळीं तर पंचाकडे पाहून दोन्ही हात पसरीत तो जागच्या जागीं उभा राहिला, आणि तेवढ्यांत प्रतिपक्षानें दोन गुण केलेही. काका म्हणाले, पंच आंधळा आहे. आम्हीं वहींत टिपलें तें मात्र मुलाविषयीं टिपलें.

मध्यंतरानंतर त्याच्या खेळाचा रंग पालटला. अडविणाऱ्याशीं झुंजत बसण्याऐवजीं तो चेंडू लौकर सोबत्याकडे देऊं लागला आणि स्वतः रिकाम्या जागेंत धांवून परत घेऊं लागला. त्याच्या संघांत एक थोराड, लाजाळू मुलगा होता. त्यानें कड्याखालून अगदीं सोपे असे दोन नेम हुकविले. प्रेक्षकांत हंशा पिकला. पुढच्याच वेळीं तोच मुलगा पुन्हां मोकळा सांपडला, आणि आमच्या गार्डानें क्षणाचाही विचार न करितां चेंडू त्याच्याच हातीं दिला. या खेपेस तो आंत गेला. मुलाचे स्वतःचे गुण किती झाले तें काकांस तोंडपाठ आहे. आमच्या वहींत तो एक पास आहे. हुकलेल्या सोबत्यावर पुन्हां भिस्त ठेवण्याचा गुण शिकवून येतोच असें नाहीं. डावा हात शिकवितां येतो.

परततांना काकांनीं, आमच्या अपेक्षेप्रमाणें, खाशाबा जाधवांचें नांव काढलें. कोल्हापुरांत ठेंगण्या गड्याची बाजू मांडावयाची तर हें नांव निघणारच. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा राजाराम कॉलेजांत शिकत असतां त्यांची लहानखोर अंगकाठी पाहून क्रीडाशिक्षकांनीं वार्षिक स्पर्धेंत त्यांस घेण्याचें नाकारलें, व त्यांनीं थेट प्राचार्यांकडे जाऊन परवानगी मिळविली, असें सांगतात. १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकांत ते सहावे आले. १९५२ सालीं हेल्सिंकीस कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदकविजेते झाले. त्या दुसऱ्या प्रवासाच्या खर्चाकरितां प्राचार्य खर्डेकरांनीं आपलें राहतें घर ७,००० रुपयांस गहाण ठेविलें. घर गहाण ठेवण्याइतकी ज्याच्या पारखीवर स्वतःची श्रद्धा, असा परीक्षक विरळा.

पण काकांस आम्हांला एक गोष्ट दाखवावी लागली. कुस्तींत वजनाचे गट असतात. शाहूपुरीच्या तालमींतील लहानखोऱ्या पोरास आखाड्यांत आपल्याच वजनाचा जोडीदार मिळूं शकतो. खाशाबाही हेल्सिंकीस ५७ किलोंच्या गटांत लढले. बास्केटबॉलांत पांच फूट सहा इंचांचा गट नाहीं. तेथें साडेसहा फुटांचा मनुष्य त्याच मैदानावर समोर उभा राहतो. म्हणून खाशाबांचें उदाहरण परीक्षकास सावध करण्यापुरतें खरें. मुलास भरंवसा देण्यास तें पुरत नाहीं.

परदेशांतील दाखले काकांनीं मोबाइलमधून काढलेच. अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक स्पर्धेंत मग्सी बोग्ज पांच फूट तीन इंच उंचीवर १४ हंगाम खेळला. कॅनडाचा स्टीव्ह नॅश महाविद्यालयांत जावयाच्या वेळीं त्यास शिष्यवृत्ति देऊं करणारें अमेरिकेंत एकच विद्यापीठ निघालें, आणि २००५ व २००६ अशीं लागोपाठ दोन वर्षें तो तेथील सर्वोत्तम खेळाडू ठरला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु हीं नांवें लोकांच्या ओठीं राहिलीं तीं विरळ आहेत म्हणूनच. आजोबांची बाजूही याच पुस्तकांतून खोडतां येते. पंजाबचा सतनाम सिंग सात फूट दोन इंच उंच. २०१५ सालीं एनबीएच्या निवडींत तो ५२ वा निवडला गेला, भारतांतून असा निवडला गेलेला तो पहिलाच. तरी मुख्य स्पर्धेच्या एकाही सामन्यांत उतरण्याची संधि त्यास मिळाली नाहीं. उंचीनें दार उघडलें, पण आंत बसावयास जागा मिळाली नाहीं.

तेव्हां राहिला पोटाचा प्रश्न. आपल्या देशांत या खेळाच्या व्यावसायिक स्पर्धा निघाल्या आणि कांहीं बंदही पडल्या. चांगल्या खेळाडूस खरा आधार मिळतो तो रेल्वे, सेनादलें, पोलीस अशांच्या नोकरीचा. खाशाबाही १९५५ सालीं पोलीस खात्यांत सब-इन्स्पेक्टर म्हणून रुजू झाले. राधानगरीकडील कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे २०२४ सालीं पॅरिसला नेमबाजींत कांस्यपदक मिळविण्यापूर्वीं पुष्कळ वर्षें रेल्वेच्या नोकरींत होता. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंकरितां ५ टक्के आरक्षण आहे. परंतु त्या जागांसही शैक्षणिक पात्रता लागतेच. बारावीचें पुस्तक मिटून ठेवणाऱ्या मुलास हें कोणीं सांगितलेलें दिसलें नाहीं.

रात्रीं जेवणें झाल्यावर आम्हीं आपलें मत सांगितलें. मुलास दोन वर्षें द्यावींत. त्या मुदतींत परीक्षा चुकवूं नये, डावा हात उजव्यासारखा करावा, आणि घरच्या प्रेक्षकांपासून दूर, पुणें-नागपूरकडील अनोळखी संघांशीं खेळावें. ज्या शिक्षकाचा आपल्याशीं कांहीं संबंध नाहीं असा एखादा आपण होऊन याचें नांव विचारूं लागला तर पुढचा विचार करावा. न विचारल्यास खेळ संध्याकाळचा ठेवावा. आजोबांस दोन वर्षें फार वाटलीं, काकांस थोडीं वाटलीं.

मुलाच्या आईनें तोंवर कांहीं विचारलें नव्हतें. पानांवरून हात फिरवितां फिरवितां त्या म्हणाल्या, "आणि त्याचा गुडघा मोडला तर?" आम्हीं प्रामाणिकपणें सांगितलें कीं, वहींत याचें उत्तर नाहीं, परीक्षेचा आग्रह आम्हीं धरिला तो याच भीतीनें. मुलगा इतका वेळ दाराशीं उभा होता. त्यानें विचारलें तें एवढेंच कीं, डाव्या हातानें चेंडू गेला तो तीनदां कीं चारदां? तीनदां, असें आम्हीं वहींत पाहून सांगितलें. तो म्हणाला, "चौथा तुम्हांला दिसला नाहीं," आणि अभ्यासाच्या खोलींत निघून गेला.