विमानाची रोजकीर्द

पेढीवरील रोजकीर्दीचा नियम आपणांस नव्याने सांगावयास नको: व्यवहार झाला त्याच दिवशी नोंद. स्वतःच्या हातांनी घरी विमान बांधणारेही असेच रोजच्या रोज लिहितात, हे ऐकून वाडीच्या गोदामांत दिवसभर बिल्ट्या तपासणाऱ्या आपल्या बंधूंना कौतुकच वाटेल.

महाराष्ट्रात हे धाडस कॅप्टन अमोल यादव यांनी केले. मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात, इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान उभे केले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिले. नोंदणीस मात्र नोव्हेंबर २०१७ उजाडला आणि उड्डाणाची परवानगी ऑक्टोबर २०१९ मध्ये मिळाली. बांधणे एक, आणि बांधले ते अधिकाऱ्यांस पटवून देणे दुसरे.

यादवांचा आराखडा स्वतःचा होता. अमेरिकेत पुष्कळ हौशी मंडळी सुट्या भागांचा संच, म्हणजे ‘किट’, विकत घेतात. तेथे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनीच केलेले असावे, अशी अट आहे. ते ठरवावयाचे कशावरून? नोंदवहीवरून. तारीख, लागलेले तास, केलेले काम, छायाचित्रे, मालाची बिले, सारे तीत येते.

खरी गरज तर याहून खोल आहे. पंखावर पत्रा चढवून तो बंद केला, की आतले बरेचसे काम दृष्टीआड होते. म्हणून त्याआधीच आतील सांध्यांची छायाचित्रे घ्यावयाची आणि कोणता नट किती जोराने आवळला, तो आकडा लिहावयाचा. आवळलेल्या नटावर रंगाची रेघ ओढतात. नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते. किती सोपी युक्ती!

मला सर्वांत मोलाची वाटते ती बिघडलेल्या कामाची नोंद. वाकडे पडलेले छिद्र, पुन्हा केलेला जोड, टाकून दिलेला पत्रा. लिहिताना हात आखडतो, ती ओळ गाळावीशी वाटते. पण पुढे त्याच जागी तडा दिसला, तर कारण तेथेच सापडण्याचा संभव अधिक. विमान विकले गेले, तर त्यात बसणारे कुटुंब दुसरेच असते, आणि बंद पंखाच्या आत काय आहे हे त्यांना सांगणारी ती वहीच असते.

अमेरिकेत बांधणाऱ्याला त्या एकाच विमानाची वार्षिक तपासणी स्वतः करण्याचा दाखला मिळू शकतो. दाखला मागताना तो आपली वही पुढे ठेवतो.